पावनखिंडीची वाट कोण राखतं?

जुलै उजाडला की शुक्रवारी रात्री नवी मुंबईतून कोल्हापूरकडे निघणाऱ्या गाड्यांत एक वेगळी गर्दी दिसू लागते. सानपाडा, नेरुळ, खारघर, कळंबोली अशा थांब्यांवर पाठीवर सॅक आणि हातात काठी घेतलेली माणसं उभी असतात. कॉलेजातली मुलं, निवृत्त झालेले काका, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई आणि दिवसभर वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिलेला एखादा माथाडी कामगारही. सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचं असतं. पन्हाळगडावरून उतरायचं, दोन दिवस चिखल तुडवायचा आणि पावनखिंडीत माथा टेकवायचा.

गेल्या काही वर्षांत या पदभ्रमंतीला मेळाव्याचं रूप आलं आहे. आधी व्याख्यान, मग चाल, मुक्कामी पोवाडा, खिंडीत मानवंदना आणि घरी परतल्यावर पुन्हा एकत्र जमून फोटो पाहणं. कोल्हापूरच्या हिल रायडर्ससारख्या संस्था ही मोहीम वर्षानुवर्षं काढत आल्या आहेत. मुंबई, ठाणे, पुणे आणि नवी मुंबईतले लहानमोठे गट जून ते ऑगस्टच्या दरम्यान आपापल्या तारखा धरून जातात. २०२२च्या फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ चित्रपट आला आणि गर्दी आणखी वाढली. एवढी माणसं एका वाटेवरून चालू लागली, तेव्हा त्या चालण्यातून इतिहासाच्या हाती काय लागलं, हे तपासून पाहायला हवं. माझं उत्तर असं: भक्ती अमाप आहे, पावलंही पुष्कळ आहेत. पण वाटेचा अभ्यास त्या मानानं फार थोडा झाला, आणि ज्यांच्या शिवारातून ही वाट जाते त्यांना या मेळाव्यांत बोलायला जागा जवळजवळ नाही.

आधी घटना. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ला झाला आणि त्यानंतर अठराच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. आदिलशाहीला हा घाव सोसणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि पाठोपाठ सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीला आला. या आगळिकीचा हिशेब महाराजांनी १६६१मध्ये राजापूरची वखार लुटून चुकता केला. वेढा चार महिने टिकला. पाऊस सुरू झाला तरी जौहर हलला नाही. शेवटी आषाढ पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै १६६०ला, महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाच्या, म्हणजे त्या वेळच्या खेळण्याच्या, दिशेनं निघाले. सिद्दी मसूद पाठलागावर होता, आणि त्याला वाटेतल्या खिंडीत बाजीप्रभू आणि बांदल घराण्याच्या लोकांनी अडवलं. पुढे विशाळगडाखालीही शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी मोर्चे लावून बसले होते.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? या प्रश्नाला बहुतेक मेळाव्यांत बगल दिली जाते. वास्तविक ही चर्चा पोवाड्याइतकीच रंगू शकते. नेवाशाच्या परमानंद कवीनं लिहिलेलं संस्कृत ‘शिवभारत’ हा जवळच्या काळातला आधार. ही पोथी सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरला मिळाली आणि १९२७ साली छापली गेली. दुसरा आधार जेधे घराण्याच्या कागदांचा, म्हणजे शकावली आणि करिना यांचा. शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. बांदलांच्या लोकांनी शर्थ केली आणि बाजीप्रभू पडले, हे जेध्यांच्या कागदांतून कळतं. या पराक्रमानंतर मानाचं पहिलं पान बांदलांना मिळालं. तोवर तो मान जेध्यांचा होता, आणि आपला मान दुसऱ्या घराण्याकडे गेल्याची नोंद जेध्यांच्याच कागदांत आहे. लढाईच्या वर्णनापेक्षा मला हा पुरावा जास्त मोलाचा वाटतो. आपल्या घराण्याचा मान कमी करणारी गोष्ट उगाच कुणी लिहून ठेवत नाही.

महाराजांबरोबर सहाशे मावळे होते, या आकड्याला शिवभारताचा आधार आहे. त्यातले तीनशे खिंडीत थांबले, हे मात्र परंपरा सांगते. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत बाजी लढत राहिले, हा प्रसंग नंतरच्या बखरींतून आणि पोवाड्यांतून आपल्या मनात रुजला. महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीदांची आठवण मुख्यतः लोकपरंपरेनं जपली. पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूरला त्यांची समाधी आहे आणि आजही लोक तिथं श्रद्धेनं थांबतात. खुद्द लढाईची जागाही वादातीत नाही. गजापूरच्या परिसरातली नेमकी कोणती अरुंद जागा, याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत.

हे सांगितल्यानं कुणाची थोरवी तसूभरही उणावत नाही. तरी व्याख्यानाच्या मंचावर कागद आणि परंपरा वेगळ्या करून सांगायला वक्ते कचरतात, कारण समोरचे श्रोते दुखावतील अशी भीती त्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. नेरुळमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात मोहिमेआधी जमलेल्या गटापुढे एका तरुण अभ्यासकानं फळ्यावर दोन रकाने आखले. एकात कागद सांगतात ते, दुसऱ्यात परंपरा सांगते ते. तासाभरात दुसरा रकाना भरून गेला आणि पहिल्यात मोजक्याच ओळी उरल्या. त्यावर कुणीही उठून गेलं नाही. मागच्या रांगेतली दहावीतली एक मुलगी मात्र उभी राहिली आणि तिनं विचारलं, ‘‘मग त्या रात्री वाट कुणी दाखवली, ते कुठल्या रकान्यात?’’ सभागृहातल्या मोठ्यांपैकी एकालाही हा प्रश्न तोवर सुचला नव्हता.

प्रश्न खरोखर मोठा आहे. बांदलांचे लोक हिरडस मावळातले, भोरच्या बाजूचे. पन्हाळा आणि विशाळगडामधली ही रानं त्यांच्या रोजच्या पायाखालची नव्हती. आषाढातल्या रात्री ढगांनी चंद्र झाकलेला, ओढे भरून वाहणारे, आणि मशाल पेटवायची सोय नाही. अशा वेळी पालखीसकट शेकडो माणसांना योग्य वाटेनं काढणारं कुणीतरी इथलंच असलं पाहिजे, एवढं अनुमान करायला हरकत नसावी. तो वाटाड्या कोण होता हे ठाऊक नसेना का, पण ज्या वाड्या-वस्त्यांतून तो आला असेल त्या आजही जागेवर आहेत.

आता वाटेबद्दल. आजची मोहीम बहुधा पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजाकडून खाली उतरते, तर महाराज राजदिंडीतून बाहेर पडले असं परंपरा सांगते. म्हणजे पहिल्या पावलापासूनच दोन वाटा. खाली तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग चढून मसाई पठार. हा जांभ्याचा विस्तीर्ण सडा पावसाळ्यात धुक्यानं इतका भरून जातो की पुढच्या माणसाची सॅकही दिसत नाही. पठारावर मसाई देवीचं देऊळ आहे, कड्यात पांडवदऱ्याची लेणी आहेत. पठाराच्या पलीकडे कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी आणि करपेवाडी. अनेक गट करपेवाडीच्या आसपास मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, सुकामाचीचा धनगरवाडा, म्हसवडे, पांढरपाणी आणि अखेर खिंड. एकंदर पन्नास किलोमीटरच्या आसपास चाल होते. गावांची ही नावं मोहिमेत जाऊन आलेल्या माणसाला तोंडपाठ असतात. पण १६६०ची वाट नेमकी याच गावांतून गेली, असं ठामपणे सांगणारा कागद आपल्याकडे नाही. ही वाट बसवली ती जाणत्या गिर्यारोहकांनी. भूगोल, पाणवठे, जुन्या पाऊलवाटा आणि गावकऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती जुळवली. त्यांच्या श्रमांबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांनी ती कशी जुळवली आणि कुठे दोनांपैकी एक पर्याय का निवडला, हे लिहून ठेवायला हवं होतं. ती माणसं आता थकली आहेत. त्यांच्यासोबत ही माहिती गेली तर ती परत मिळवता येणार नाही.

या बाबतीत अमेरिकेतलं एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची तुकडी १८०४च्या मे महिन्यात मिसिसिपीच्या काठावरून निघाली, पॅसिफिक महासागरापर्यंत गेली आणि १८०६च्या सप्टेंबरमध्ये परतली. त्या प्रवासाच्या वाटेवर प्रेम करणाऱ्यांची संस्था १९६९मध्ये स्थापन झाली. तिच्या विभागवार शाखा आहेत, वार्षिक मेळावे होतात, स्वतंत्र नियतकालिक निघतं. त्यांच्या हाताशी त्या प्रवासाच्या रोजनिशा आहेत आणि आपल्याकडे मोजक्या ओळी. त्यामुळे बरोबरी करण्यात अर्थ नाही. तरी दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

पहिली मॉन्टानातल्या ट्रॅव्हलर्स रेस्ट या तळाची. रोजनिशीत उल्लेख असूनही तळाची नेमकी जागा पक्की नव्हती. २००२च्या उत्खननात शौचखड्ड्याच्या मातीत पारा सापडला. त्या तुकडीच्या औषधपेटीत पारामिश्रित जुलाबाच्या गोळ्या होत्या, हे रोजनिशांवरून ठाऊक होतं. कागद आणि माती एकमेकांशी जुळल्या आणि जागा निश्चित झाली. दुसरी गोष्ट त्या प्रवासाच्या द्विशताब्दीची. २००३ ते २००६ या काळात वाटेवरून एक फिरतं प्रदर्शन गेलं आणि त्यात एक मोठा तंबू होता. त्या तंबूत मूळ रहिवासी जमातींची माणसं आपली बाजू सांगत होती. या प्रवासानंतर त्यांच्या जमिनी गेल्या, भाषा गेल्या, हे ती माणसं वाटेच्या चाहत्यांसमोर बोलली आणि चाहत्यांनी ते ऐकून घेतलं.

आपल्या वाटेवरच्या माणसांची गोष्ट वेगळी आहे, पण त्यांनाही ऐकायचं राहून गेलं आहे. मोहीम जाते ती ऐन रोपलागणीच्या दिवसांत. करपेवाडीच्या पुढे एका खाचरात बायका गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होत्या. पाठीवर प्लास्टिकचा कागद, एकीच्या पाठीवर मात्र अजून जुनं इरलं. बांधावरून आमची रांग चालली होती आणि प्रत्येक पावलासरशी बांधाची माती खचत होती. इरलं घेतलेल्या मावशी मान वर करून म्हणाल्या, ‘‘लेकरांनो, जावा की, पर बांध सोडून खालनं जावा. तुमी गेल्यावर त्यो परत घालायचा आमालाच.’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. रांगेतले पुढचे चार जण खाली उतरले, मागच्यांपर्यंत मात्र निरोप पोहोचलाच नाही.

बांध, पाणी, प्लास्टिकच्या बाटल्या आणि रात्री शाळेच्या व्हरांड्यात चालणारे ध्वनिक्षेपक या सगळ्याचा भार वाडीवर पडतो. वाडीला त्याचा फायदाही होतो हे खरं. पिठलं-भाकरी आणि आमटी-भात रांधून बचत गटांच्या बायकांना चार पैसे मिळतात, आणि चांगले गट हा व्यवहार चोख ठेवतात. पण पैसे चुकते केले म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. मुक्कामाच्या रात्री व्याख्यान द्यायला वक्ता पुण्याहून किंवा मुंबईहून नेला जातो. ज्या धनगरवाड्यात वाटेच्या जुन्या खुणा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात, तिथल्या म्हाताऱ्याला कुणी बोलतं करत नाही. तो कोपऱ्यात घोंगडी पांघरून ऐकत बसतो.

नवी मुंबईकरांनी तर याचा विचार आधी करायला हवा. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या वाड्यांतली कित्येक कर्ती माणसं पोटासाठी मुंबईच्या परिसरात आहेत. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, तुर्भे इथल्या चाळींत आणि सिडकोच्या घरांत घाटावरची माणसं दाटीवाटीनं राहतात. बाजार समिती वाशीला आली, तिच्यासोबत माथाडी आले आणि माथाडींसोबत त्यांची गावं आली. सातारा आणि कोल्हापूरच्या गावांची मंडळं इथं गणपतीची वर्गणी गोळा करतात, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी बैठका घेतात. म्हणजे पावनखिंडीच्या वाटेवरचा साक्षीदार शेजारच्या सेक्टरमध्येच राहतो, आणि त्याला ऐकायचं सोडून आपण साडेतीनशे किलोमीटर लांब जातो. त्याच्या आजोबांनी गुरं कुठल्या वाटेनं नेली, बाजाराला मलकापूरला जायची पायवाट कोणती होती, धरण होण्याआधी कासारी कुठे ओलांडत, हे त्याच्या घरात अजून कुणाला तरी ठाऊक आहे. मोहिमेआधीच्या सभेत वक्त्याच्या शेजारची खुर्ची मी त्यालाच देईन.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती सांगताना त्रास होतो. २०२४च्या जुलै महिन्यात, मोहिमांच्या ऐन हंगामात, विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या वादातून गजापुरात मुसलमानांच्या घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. अतिक्रमणाचा निकाल कायद्यानं लावायचा असतो. ज्या गावाच्या खिंडीत आपण मानवंदना द्यायला जातो, त्याच गावातल्या गरिबांच्या चुली फोडल्या जाव्यात, ही बाजीप्रभूंच्या नावाला शोभणारी गोष्ट नव्हे. इतिहासप्रेमींच्या मेळाव्यांनी यावर गप्प राहू नये. आणि ज्यांना इतिहासाचाच दाखला हवा असेल त्यांनी शिवभारत उघडावं. पन्हाळ्याचा वेढा बाहेरून फोडण्यासाठी नेतोजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल लढला होता, आणि त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला होता. एक सिद्दी वेढा घालणारा, दुसरा सिद्दी तो फोडताना पोटचा मुलगा गमावणारा. पोवाड्यात हा हिलाल क्वचितच येतो. मानवंदनेच्या यादीत त्याचं नाव घालायला काय हरकत आहे?

नवी मुंबईतल्या गटांबद्दल माझी दुसरी तक्रार आपुलकीची आहे. पन्हाळ्याला जरूर जावं, पण पायाखालच्या इतिहासाकडेही पाहावं. बेलापूरचा किल्ला महापालिकेच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. पोर्तुगीजांकडून तो चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी घेतला आणि १८१७मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. १७३७ ते १७३९ची वसईची मोहीम म्हणजे याच खाडीकाठाची मोहीम. ठाण्यापासून तिची सुरुवात झाली, भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ तिच्यामागे उभे होते. मे १७३९मध्ये वसई पडली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा पुढे नाशिक, मेणवली, भीमाशंकर इथल्या देवळांत गेल्या. बेलापूर, ठाणे, अंजूर, वसई अशी चाल दोन सुट्यांत होण्यासारखी आहे आणि तिच्यासाठी मुबलक कागदपत्रं छापलेली आहेत. आग्र्याहून सुटकेची वाट तर अजून अभ्यासकांना दाद देत नाही. १७ ऑगस्ट १६६६ला महाराज निसटले हे ठरलेलं, पण राजगडी कधी आणि कुठल्या रस्त्यानं पोचले यावर एकमत नाही. अशा उघड्या प्रश्नांवर घासाघीस करायला मेळावा ही फार चांगली जागा आहे.

पावनखिंडीच्या वाटेचं पुढे काय, हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही. ११ जुलै २०२५ला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात पन्हाळा आहे, विशाळगड नाही. आणि दोन गडांमधली वाट त्या यादीत कुठेच बसत नाही. आपला १९५८चा केंद्रीय कायदा स्मारकाला आणि पुरातत्त्वीय स्थळाला संरक्षण देतो. पन्नास किलोमीटरची पाऊलवाट या दोन्हींत मोडणं अवघड आहे. अमेरिकेनं १९७८मध्ये कायद्यातच ऐतिहासिक वाट असा वेगळा वर्ग केला आणि लुईस-क्लार्कची वाट त्यात घातली. इथं तसा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाटेचे तुकडे एकेक करून डांबरी रस्त्याखाली, कुंपणांत आणि फार्महाऊसच्या फाटकांमागे जात आहेत. मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तेवढाच तुकडा त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणायचा.

करण्यासारखं एक काम मात्र आहे, आणि त्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक महसुली गावाचा गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असतो. त्यावर गाडीमार्ग, पायमार्ग, ओढे आणि शिवा वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेल्या असतात. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या या वाटेवरच्या गावांचे नकाशे नकला काढून एकापुढे एक जोडले, तर मोजणीच्या काळातली पायवाटांची साखळी डोळ्यांसमोर येते. कुठे आजची मोहीम तिच्यावरून जाते आणि कुठे ती सोडून रस्त्यावर येते, तेही कळतं. त्या नकाशावर सुकामाचीच्या धनगरांकडून जुन्या नावांच्या खुणा भरून घ्यायच्या: माळ, टेप, पाणवठा, देवाचा दगड. जी पायवाट नकाशावर नोंदलेली आहे, ती अडवली गेली तर गावकऱ्याला तहसीलदाराकडे दाद मागता येते. नकलांची फी फार नसते. ही कामं पावसाळ्यात करायची नाहीत. नोव्हेंबरपासून मेपर्यंत, भात कापून झाल्यावर गावात माणसाला बोलायला सवड असते, तेव्हा करायची.